बी बांगड्याचो

बाबा,

परवा तुमच्या इंग्रजीमुळे एक होडी सुखरूप परत आली. तुम्हाला हे सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे मी पुढे काय झाले हे तुम्हाला ठाऊक नाही. मी किनाऱ्यावरच्या वायरलेस केंद्रात आहे. समुद्रात गेलेल्या होड्यांशी बोलायचं, हेच माझं काम. परवा दुपारी वारा एकाएकी वाढला आणि एका होडीवरून हाक आली. आवाज तुटत होता. होडी चालवणारा तांडेल तरुण असावा आणि पुरता घाबरलेला. "इंजिन बंद पडला, वारो आमका खडपाकडे व्हरता," वारा त्यांना खडकांकडे नेतोय, एवढं कळलं. होडी नेमकी कुठे आहे ते कळेना. तिचा नंबर मिळाला असता तर समोरच्या पडद्यावर ती लगेच सापडली असती. आकडे ऐकू आले, पण शेवटचं अक्षर अडलं. बी, डी की पी? त्या खरखरीत तिन्ही सारखीच वाजतात. शेजारी आमचे साहेब होते, विदर्भातले, शांत माणूस. "ब्राव्हो, डेल्टा की पापा, ते विचारा," ते म्हणाले, म्हणजे त्या अक्षरांचे वायरलेसवरचे ठरलेले शब्द. मी विचारलं. पलीकडून रडवेल्या आवाजात उत्तर आलं, "पापा? कोणाचो पापा?"

तेव्हा मी ऑफिसातली भाषा बाजूला ठेवली. म्हटलं, "तांडेलानू, माका सांगा, बांगडो, दोडी काय पापलेट?" पलीकडून मग एकदम मोठ्यानं, "बांगडो! बांगडो गो बाय!" बी. होडी पडद्यावर सापडली, खडपाच्या अगदी जवळ. बाजूलाच दुसरी होडी मासे मारत होती, तिला मी तिकडे वळवलं. त्यांनी दोर टाकला आणि उन्हं उतरायच्या आत दोन्ही होड्या देवगड बंदरात आल्या. साहेबांनी विचारलं, "हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात?" मी म्हटलं, "आमच्या मिठबावच्या घरी, चुलीपाशी."

तो दिवस मला लख्ख आठवतो. तुमच्या होडीवर नवा वायरलेस बसला होता आणि मालवणला जाऊन तुम्ही तो चालवायचं शिकून आला होतात. अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे एकेका अक्षराचे शब्द तिथल्या शिकवणाऱ्यांनी तुमच्याकडून घोकून घेतले होते. घरी येईपर्यंत अल्फाची अल्पा झाली होती आणि फॉक्सट्रॉट तर वाटेतच कुठेतरी सांडला होता. आये विळीवर मासे कापते आहे. तुम्ही पाटावर बसून कपाळाला आठ्या घालून शब्द आठवता आहात. मी शाळेच्या पुस्तकातली एबीसीडी उघडून बसले आहे. शेवटी आये वैतागून हातातलं पापलेटच वर धरते. "ह्या घेवा तुमचा पी! आता इसारशात?" तुम्ही आधी हसता आणि मग एकदम माझ्याकडे वळता. मला म्हणता, "लिही गो. पी पापलेटाचो. बी बांगड्याचो. टी तारलेचो." एफसाठी मासा मिळेना तेव्हा आयेनं फणस दिला. महिन्याभरात आजूबाजूच्या सगळ्या होड्या वायरलेसवर अशाच बोलायला लागल्या. पुढे त्यांची पोरं त्या होड्यांवर गेली आणि त्यांच्याबरोबर तुमची बाराखडीही गेली. परवाचा तो तांडेल त्यांतलाच कुणाचा तरी असणार.

शाळेत मी इंग्रजी वाचायला उभी राहिले की माझा आवाज खाली जायचा. वेन्सडे की वेडनेस्डे, या भीतीनं मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. एकदा मी घरी धडा वाचत असताना तुम्ही जाळं विणायचं थांबवलंत. "आवाज कित्याक खाली घालतंस? चुकलंस तर चुकलंस. समोरच्याक कळाक व्हया, मगे झाला." तुम्ही क्वचितच रागवायचात, म्हणून ते बोलणं लक्षात राहिलं. नोकरीच्या मुलाखतीत मी खणखणीत आवाजात 'वेडनेस्डे' म्हटलं. समोरच्या बाईंनी मान वर केली, हसल्या, आणि पुढचा प्रश्न विचारला.

प्रशिक्षणात तर मजाच झाली. पाण्यात खुणेसाठी जो पिंप तरंगत ठेवतात, त्याचा इंग्रजी शब्द आला आणि वर्गात भांडण जुंपलं. केरळचा म्हणे 'बॉय', बोटींवर नोकरी करून आलेला एकजण म्हणे 'बूई', गुजरातची मुलगी म्हणाली की स्पेलिंग बघा, 'बुओय' असणार. शिकवणाऱ्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे काय म्हणतात?" मी म्हटलं, "बोया. आणि तो आमच्या होड्यांना अंधारातसुद्धा सापडतो." सगळे हसले. मला एवढीशीही लाज वाटली नाही, बाबा. उलट छाती फुगली.

काल साहेबांनी मला खुर्ची ओढून समोर बसवलं आणि वही उघडली. "आता सगळी अक्षरं सांगा. मला इथं अजून बरीच वर्षं काढायची आहेत." एस सरंग्याचो, एच हलव्याचो, असं मी सांगत गेले. नागपूरकडच्या तोंडून 'डी दोडयेचो' निघताना मोठी गंमत वाटत होती. ते तीन-तीनदा म्हणून बघत होते आणि मी तुमच्यासारखीच मांडीवर थाप मारून "बरोबर!" म्हणत होते. संध्याकाळी आयेला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "पापलेट माझा होता, ह्या सांगलंस मां?"

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते. होडीवरच्या वायरलेसला, व्हीएचएफला, तुम्ही 'व्हियचेप' म्हणायचात. अजून एखादा म्हातारा तांडेल तसाच म्हणतो. त्याचं बोलणं मला अगदी स्वच्छ ऐकू आलेलं असतं. तरी मी म्हणते, "आवाज तुटलो, परत सांगा."