वहिनी, तुम्ही सायकल अडवली म्हणून

वहिनी,

तुम्ही धुणं घेऊन तळ्यावर गेल्या, म्हणून लिहून ठेवतो. मी भाऊले घेऊन भंडाऱ्याले डॉक्टरकडे जाऊन राहिलो. दुपारच्या बसनं येऊ.

त्या दिवशी चहा पिता पिता माझं तोंड वाकडं झालं अन् घडीभरानं सरळ झालं. मी म्हटलं, "लकवा म्हाताऱ्याले मारते, नाही तं जाड्याले. मी चाळिशीचा, काडीसारखा. मले काय होते?" अन् सिहोऱ्याच्या बाजाराले निघालो. तुम्ही सायकलपुढं आडव्या झाल्या. मी मोहल्ल्यासमोर तुम्हाले नाही नाही ते बोललो, तरी तुम्ही हटल्या नाही, मले दवाखान्यात नेलंच. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर लय वाढलं होतं, आणखी थांबला असता तर हात-पाय लुळे पडले असते.

आज मी आपल्या पायानं बसस्टॉपवर जातो, ते तुमच्यामुळं. तोंडावर बोलाची हिंमत होत नाही. माफ करा.

भाऊ म्हणते, "मी धानाचं पोतं एकटा उचलतो, मले कायचं प्रेशर?" म्हणून त्याले "माझ्या सोबतीले चाल" असं सांगून नेऊन राहिलो. तिथं गेल्यावर प्रेशरचा पट्टा पहिले त्याच्याच दंडाले बांधाले लावतो.

तुमचा,
तुलाराम