सासूबाईंचा शिवा

राई, भाईंदर
१२ ऑगस्ट २००६

प्रिय मिनल,

फोनवर बोलताना तुझ्याकडचे सगळे आसपास असतात, म्हणून लिहितेय.

भूमिका आता रांगते. तिच्या वेळेला इथे काय झालं, ते तुला पूर्ण कधी सांगितलंच नाही. दुसऱ्या महिन्यात रक्त तपासलं तर माझं थायरॉइड फार कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. सासूबाईंनी त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोटुशी बाईने औषधं घ्यायची नसतात म्हणाल्या. निकेत आईसमोरून उठून कामावर निघून गेला. दोन दिवस रडले आणि मग सासूबाईंनाच दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या. सुरुवातीचे महिने बाळाच्या गळ्यातली ग्रंथी काम करत नाही. मेंदू वाढायला लागणारं हार्मोन त्याला आईच्याच रक्तातून मिळतं. आईकडेच ते फार कमी असेल तर मूल मंद होऊ शकतं, कधी बहिरंही.

सासूबाईंचा हात गळ्याकडे गेला. त्यांचा गळा किती सुजलेला आहे, ते तू लग्नात पाहिलंस. आणि आमचे शिवाभाऊजी, तिशी उलटली तरी दिवसभर ओट्यावर बसून असतात, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. शिवाच्या वेळी हिने ग्रहण पाळलं नाही, असं गाव आजवर म्हणत आलं. सासूबाईंनी हळूच विचारलं, "मंग माजा शिवा तेच्यामुलं असा हाय का?"

आता नक्की सांगता येणार नाही, एवढंच बाई म्हणाल्या.

घरी येऊन सासूबाईंनी कपाट उघडलं, गोळी माझ्या हातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग ओट्यावर भाऊजींजवळ जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

पुढचे सगळे महिने धाकधुकीत गेले. भूमिका झाली, थायरॉइडसाठी तिच्या टाचेतलं रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट चांगला आला तरी सासूबाईंचा जीव थाऱ्यावर येईना. एका दुपारी त्यांनी तिच्या डोक्यामागे थाळी वाजवली. पोर दचकून रडायला लागली, आणि सासूबाईही.

काल आईकडून कळलं की तुला तिसरा लागलाय आणि घरच्यांच्या सांगण्यावरून तू थायरॉइडच्या गोळ्या बंद केल्यास. सासूबाईंनी ते ऐकलं आणि पिशवी भरायला घेतली. पुढच्या रविवारी आम्ही दोघी चिपळूणला येतोय, तुझ्या सासूशी त्याच बोलणार आहेत. पण आमची वाट बघू नकोस. पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि गोळी सुरू कर.

तुझीच,
स्वातीताई