सालींचं औषध

ता. ९, सोमवार, सकाळ

चि. ठमीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. मी मजेत आहे. मांजरी व्यायली. पिल्लं खालच्या शिंप्याच्या दुकानात चिंध्यांत लोळतात आणि तो कुरकुरत त्यांना दूध पाजतो.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते, जरा थांब. आधी औषधाचं ऐक. तुमच्या प्रयोगशाळेतलं हात थरथरण्यावरचं ते नवं औषध दवाखान्यात काही जणांना देऊन बघताहेत, त्यात मीपण आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हे पाण्यासारखं प्यायचं. पोटातल्या आंबटात गेलं की थिजतं, मग दिवसभर थोडं थोडं औषध सोडत राहतं." मी म्हटलं, मला काय सांगता, फळांच्या सालींचं आहे, माझ्या नातीने केलंय. लहानपणी साल दिसली की ताट ढकलायची, आता सालींवरच पोट भरते.

तर पहिल्या दिवशी चवच लागेना, म्हणून मी त्यात लिंबू पिळलं. मेलं पेल्यातच थिजलं. चमचा उभा राहिला. शिंपी म्हणतो, "मावशी, पोटाचं काम पेल्यानेच उरकलं की." डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग रागावल्या. आता मुकाट्याने तसंच पिते.

जुन्या गोळीचा गुण आला तसा जायचा. चहा उकळेपर्यंत हात बरा, प्यायला बसले की निम्मा अंगावर. दुपारी शिंप्याची बायको भरवून जायची. हे मी तुला कळवणार नव्हते. पण माझी पत्रं लिहितो शिंपी, त्याने परस्पर घुसडलं. म्हणून तू विचारलंस ना, की नोकरी सोडून येऊ का, आजीला भरवायला.

नको येऊस. म्हणजे ये, पण सुट्टीला ये. पिल्लं बघ, माझं डोकं खा आणि परत कामाला जा. तुझ्यावाचून करमत नाही, ते निराळं. त्याला औषध नाही, आणि असलं तरी मी घेणार नाही. पण भरवायला माणूस लागत नाही आता. मधेच उठून जेवले, माझी मी. डुलकी काढली. पुन्हा लिहायला बसले तर बघता बघता दिवा लावायची वेळ झाली.

शिंप्याचं अक्षर तुला ठाऊक आहे, टाके घातल्यासारखं. हे त्याचं नाही. वर सकाळचं 'ठमी' आहे, खाली हे संध्याकाळचं. दोन्ही नीट बघ, ठमी, आणि मग ठरव.

स्वतःच्या हाताने,
तुझी आजी