पेवातला कंदील

॥ श्री ॥
मंगळवेढा,
ता. ४ डिसेंबर १९७५

चि. जोतीराम यास,
कोंडीबाचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून दचकला असशील. आमच्या घरातली पत्रं तुझी अक्का लिहिते, गल्लीतल्या बायकांचीही तीच लिहिते. मी पत्र लिहून बारा वर्षं झाली असतील. अक्षराला हसू नकोस. हे मी पोस्टाच्या ओट्यावर बसून लिहितोय आणि घरी कुणाला ठाऊक नाही, म्हणून उत्तर माझ्या नावे पाठवू नको.

अक्काला डॉक्टरांनी रक्तदाब सांगितलाय. मीठ बंद. चूल एकच, म्हणजे माझंही बंद. शेंगाच्या चटणीत मीठ नसलं म्हणजे काय होतं ते तू कधी खाऊन बघ. तिला झोप लागत नाही, छातीत जळजळतं. डॉक्टरांनी विचारलं, बाई, मनात काही आहे का? तर म्हणाली, मनात काय असायचंय, ज्वारी निसवायला आलीय, तितं ध्यान हाय. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे बघितलं.

सत्तर सालच्या मे महिन्यातलं ते पेव. तू दर भाऊबीजेच्या पत्रात तुझ्या बाजूनं सगळं लिहितोस, आज मी माझ्या बाजूनं लिहितो, कारण मला कधी कुणी विचारलंच नाही. परड्यातलं जमिनीखालचं ज्वारीचं पेव आपण दुपारी एकला उघडलं. जमिनीच्या पोटात वाफ कोंडलेली असते. तोंड उघडून दिवसभर थांबायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, आणि तो तेवत राहिला तरच माणूस उतरवायचा, ही रीत शेंबड्या पोरालाही माहीत. तुला पाचची एसटी गाठायची होती. दोन तासांतच कंदील सोडला. तो विझला, आणि तू म्हणालास, वाऱ्यानं विझला. होटगी स्टेशनात रोज सिग्नलचे दिवे भरणारा तू, दिव्यातलं तुला कळायचं नाही तर कुणाला? मी उतरलो. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तू शेजारी ओकत पडला होतास, कारण तोंडाला ओलं धोतर बांधून मला काढायला तूच खाली गेला होतास.

त्या दिवसापासून तिनं तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, आणि पेवाचं तोंड लिंपून टाकलं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनचा तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी, गिळला, पण दहा पावलांवरची घरची ज्वारी काढू दिली नाही. त्या भोकात माझ्या घरचं माणूस पुन्हा उतरायचं न्हाय, एवढंच बोलायची. आता म्हणते, नवं पीक यायच्या आत पेव दगडमातीनं बुजवायचं, आतल्या ज्वारीसकट. ज्वारी गेली तर जाऊ दे रे. पण ते एकदा बुजलं की तुम्हा बहीणभावांचंही कायमचं मिटलं, अशी मला भीती वाटते.

माझं विचारशील तर मी तुम्हा दोघांपेक्षा मजेत आहे. सकाळी डोळे उघडले की आपलं बरं वाटतं. तुझी सहाही पत्रं तिनं हळदीकुंकवाच्या डब्यात जपून ठेवलीत. मीही चोरून वाचली. प्रत्येकात वारा आहे. एकदा वारा सोडून लिही.

तुझा,
कोंडीबा


॥ श्री ॥
होटगी,
ता. १२ डिसेंबर १९७५

ती. सौ. अक्का हिस,
जोतीरामचा सा. न. वि. वि.

भाऊबीज होऊन महिना झाला आणि हे पत्र अवेळी आलंय, तरी फाडण्याआधी वाच. इकडे सर्व ठीक. रंभा बरी आहे. तिनं परसात घेवडा लावलाय आणि स्टेशनातली सगळी शेळ्यामेंढरं तिनं वैरी करून घेतलीत. इथल्या सिग्नलवर विजेचे दिवे येणार म्हणतात. मग माझ्या हातातली रॉकेलची चिमणी जाईल आणि दुसरं काम देतील.

अक्का, आजवर तुला जे लिहिलं त्यात एक गोष्ट खोटी होती. तो कंदील वाऱ्यानं विझला नव्हता. वाऱ्याचा दिवा फडफडतो, एका अंगाला झुकतो, मग जातो. हा नुसता खाली खाली बसला आणि गेला. मी वीस वर्षं दिवे बघतोय. मला त्याच क्षणी कळलं होतं. पण घड्याळात सव्वातीन झाले होते, एसटी चुकली तर रात्रपाळी चुकणार होती, आणि नुकतीच मला एक ताकीद मिळाली होती. दाजी लगेच वर येतील, एवढ्यात काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. दाजींचा जीव मी एका एसटीसाठी टांगला.

इतकी वर्षं तुला वारा वारा लिहीत आलो, कारण खरं लिहिलं तर तू कधीच क्षमा करणार नाहीस असं वाटायचं. खोटं लिहूनही केली नाहीसच. आता खरं लिहून मोकळा झालो. क्षमा कर असं म्हणत नाही, तो तुझा तू विचार कर. औषध मात्र वेळेवर घे.

तुझा राग उतरो न उतरो, लोभ कुठंतरी शिल्लक असेल तर तो राहू दे.

तुझा धाकटा,
जोतीराम


॥ श्री ॥
मंगळवेढा,
ता. २२ डिसेंबर १९७५

चि. जोतीराम यास,
आशीर्वाद. तो मोठ्यांनी लिहायची रीत आहे म्हणून लिहिला.

तुझं पत्र पोचलं. औषध घे म्हणून तुला कुणी कळवलं ते मी ओळखलंय. पोस्टाच्या ओट्यावर तासभर बसणारा माणूस गावात लपत नाही. गल्लीतल्या ज्ञानबाच्या बायकोनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुझ्या दाजींना मी अजून काही बोलले नाही. दोन दिवस घाबरत फिरतायत ते मला बरंच वाटतंय.

तू खरं लिहिलंस ते वाचलं. दोनदा वाचलं. क्षमा वगैरे पुस्तकातले शब्द मला लिहिता येत नाहीत. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, तुला कडेवर घेऊन मी भाकऱ्या थापल्यात. त्या पोरानं माझ्याच घरात येऊन एवढं मोठं खोटं बोलावं, याचा मला राग येतो, आणि तो तुझं पत्र वाचून आणखी आला. तू आधी कबूल केलं असतंस तर बरं झालं असतं का, तेही मला सांगता येत नाही.

पेव संक्रांतीनंतर बुजवणार. दगड आणून टाकलेत. रंभाला सांग, घेवड्याला काट्याचं कुंपण कर, शेळ्यांशी भांडून काही होत नाही.

सोजर


॥ श्री ॥
होटगी,
ता. २ जानेवारी १९७६

ती. सौ. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी सिग्नलच्या शिडीवर होतो. पोस्टमन ईरप्पा खालून ओरडला, मंगळवेढ्याचं हाय, बायकी अक्षर हाय. मी शिडीवरच बसून वाचलं. शिव्या का असेनात, साडेपाच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. रंभानं तू सांगितलं तसं कुंपण केलंय.

पेव बुजवायचं तर बुजव, मी आड येत नाही. एकच विचारायचं राहिलं होतं. त्या दिवशी मी दाजींच्या कमरेला दोरी बांधली आणि ती हलवली. वर तू आणि ज्ञानबा दोघंच होता. आधी त्यांना ओढलं, मग मला. दोरी आणखी थोडी उशिरा आली असती तर मी तितंच बसलो असतो. वर आलो तेव्हा तुझे दोन्ही तळहात सोलून निघालेले मी बघितले, दोरीला रक्त लागलं होतं. नंतर जे झालं ते झालं, आणि मी निघून आलो. तू मला ओढून काढलंस, हे एवढ्या पत्रांत मी एकदाही लिहिलं नाही. नुसतं स्वतःचं रडगाणं गात बसलो.

अक्का, तळहात बरे झाले का? भाकरी थापताना दुखतात का? आज जिवंत आहे तो तुझ्यामुळे, हे तुला सांगायला मला एवढा उशीर झाला.

मला तुझ्या दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव. तुझ्या हातांचे मात्र उपकार आहेत.

जोतीराम


॥ श्री ॥
मंगळवेढा,
ता. ८ जानेवारी १९७६

चि. जोतीराम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. हे रीत म्हणून लिहिलेले नाहीत.

तुझं पत्र चुलीपाशी वाचलं आणि तव्यावरची भाकरी जळाली. तळहात बरे आहेत. डाव्या हाताला एक गाठ राहिलीय, थंडीत ठणकते. एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या दाजींनीसुद्धा नाही, ते बिचारे तेव्हा शुद्धीत नव्हते. मी खूप रडले. मग भांडी घासली, आणि आता लिहायला बसलेय. जे लिहिणार आहे ते एका दमात लिहिते, नाहीतर राहून जाईल.

त्या दिवशी कंदिलाची दोरी कुणाच्या हातात होती, ते तू एकाही पत्रात लिहिलं नाहीस. माझ्या हातात होती, जोत्या. मीच वाकून बघत होते. ज्योत खाली बसली ती मीही बघितली. आणि वारा असेल, असं आधी मी म्हणाले. तू नंतर व्हय म्हणालास. तुला हे आठवत नसेल असं मी मानून चालले. आठवत असूनही लिहिलं नसशील तर तुझ्यापुढं मी काय बोलू.

ओसरीवर माझ्या नणंदेच्या, तानाबाईच्या सासरची माणसं येऊन बसली होती. घरात दोन भाकरींचंही पीठ नव्हतं. शेजारी मागायला जायचं तर नणंदेच्या सासरच्यांना दिसलं असतं. माझ्या ताठ्यापायी मला ज्वारी ताबडतोब पाहिजे होती. तुला एसटीची घाई, मला पाहुण्यांची. दोघांनी मिळून त्या माणसाला खाली घातलं. मग तू जीव धोक्यात घालून त्यांना वर आणलंस, आणि मी तुला तांब्याभर पाणीही न देता, माझा नवरा मारायला निघाला होतास म्हणून दारातून घालवलं. तुझ्यावर ओरडत राहिलं की माझं मला ऐकू येत नव्हतं. सबंध दुष्काळभर मिलो खाल्ला, पण ते तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

काल हे सगळं तुझ्या दाजींना सांगितलं. वाटलं, आता हे माझं तोंड बघणार नाहीत. तर म्हणाले, मला ठाव हाय की, उतरताना तुझा आवाज ऐकला होता, वारा असंल म्हणालीस ती. मी विचारलं, मग एवढी वर्षं बोलला का नाही? तर म्हणाले, तू सांगशील म्हणून वाट बघत होतो, आणि तवर मला काय कमी होतं, जिवंत होतो की. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं? मग पोटभर बोलून घेतलं, त्या पोस्टाच्या ओट्यावरून.

तू मला क्षमा कर. हा शब्द लिहिता येत नाही म्हणाले होते, आला बघ.

पेव बुजवायचं नाही असं ठरलंय. उघडायचं. पण तू आल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. संक्रांत झाली की चार दिवसांची रजा काढून ये. कंदील तू सोडायचास, दोरी मी धरणार, आणि तू बघून सांगशील तेव्हाच हे उतरतील. रंभाला घेवडा सोडवत नसेल तर तिला राहू दे, पुढल्या खेपेला आण.

घर तुझंच आहे, होतंही. वाट बघते.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥
मंगळवेढा,
ता. २१ जानेवारी १९७६

चि. सौ. रंभाबाई हिस,
कोंडीबाचे अनेक आशीर्वाद.

या खेपेला पत्र घरातच, उजळ माथ्यानं लिहितोय. दोघं बहीणभाऊ परड्यात आहेत, त्यांना सवड नाही.

परवा सकाळी पेवाचं तोंड उघडलं आणि काल दुपारपर्यंत थांबलो. नंतर कंदील सोडला. तेवत राहिला. जोतीराम म्हणाला, काढून परत सोडू. परत सोडला, तेवत राहिला. तुझी नणंद म्हणाली, पार तळाला टेकव. तळाला टेकवला, तिथंही तेवत राहिला. मग एक म्हणतो वात काजळलीय, दुसरी म्हणते काच पूस. असं सात वेळा झालं. मी कमरेला दोरी बांधून उन्हात उभा. शेवटी म्हटलं, पेवात वाचलो, आता उन्हानं मरतो. तेव्हा कुठं दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि जोतीराम म्हणाला, दाजी, उतरा.

कडेची ज्वारी काळी पडलीय, मधली चांगली निघाली. रात्री तिचीच भाकरी केली. वास जरा जुनाट होता, पण मिलोपेक्षा शंभर पटीनं बरी. तुझी नणंद जेवून जी झोपली ती सकाळी गाई हंबरायला लागल्या तरी उठली नाही. मी दोनदा जाऊन बघून आलो. डॉक्टरांना ही बातमी द्यायची आहे, जमलं तर मिठाचंही विचारीन.

हे पत्र उद्या सकाळच्या गाडीनं कंडक्टरच्या हाती पाठवतोय, कारण असं, की स्टेशनमास्तरांना सांग, जोतीराम एक दिवस उशिरा हजर होईल. आज रजा संपत होती. पाचची एसटी वेशीपाशी थांबली, कंडक्टरनं दोनदा घंटा मारली, आम्हाला परड्यात ऐकू आली. मी त्याला म्हटलं, अरे, तुझी गाडी. उरलेली ज्वारी काढायच्या आधी तो पुन्हा दोरी धरून वाकला होता. म्हणाला, जाऊ द्या तिला, अजून कंदील आत हाय.

तुझा,
कोंडीबा