दांडी कापलेली सायकल

प्रिय वृषे,

जयभीम. फोनवर कॉलेजचं काढलं की तू हसतेस आणि आईकडं फोन देतेस, म्हणून लिहायला बसलो. वस्तीवरून तेरला रोज एकटीनं चालत जायचं, म्हणून आबांनी कॉलेज बस्स म्हटलं आणि तूही गुमान मान हलवलीस, हे मला पटलेलं न्हाय. त्याचं पुढं लिहितो, आधी सायकलचं ऐक.

आपली ती बाजारातली जुनी सायकल. हिच्यावर बेंबळी केली, धाराशिव केलं, एकदा तर दळण आणायला निघालो आणि पोचलो लातूरला. आई अजून त्या दळणाच्या डब्याचं नाव काढते. तर तिला इथं ढोकीत महांतप्पांच्या दुकानात नेली. त्यांनी चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, म्हातारीला पैंजण कशाला घालतोस, एवढ्या खर्चात दुसरी चांगली येईल. त्यांचं खरंच होतं. मीही डळमळलो. समोरच गिअरची निळी सायकल टांगलेली, तिच्यावर तुळजापूरचा घाट कसा चढंल हेच डोळ्यांपुढं. चहाला गेलो तरी मान तिकडंच.

पण ठरवलं ते ठरवलं. आधी चाकांच्या रिमा आणि ब्रेक बदलले, तेरच्या वाटेवरचा ओढ्याजवळचा उतार लई वाईट आहे. मग चेनला कव्हर बसवलं, तर महांतप्पा विचारतात, तू कधीपासून ओढणी घ्यायला लागलास. ट्रॉल्या जोडणाऱ्या मल्लेशकडून वरची दांडी कापून खाली तिरपी जोडून घेतली. त्याच दांडीखालून पाय घालून तू लंगडत लंगडत सायकल शिकलीस, आठवतं का? सीट तर इतकी खाली घेतली की माझे गुडघे हँडलला लागतात. सगळं दुकान हसलं. हसू दे.

मल्लेश ट्रॅक्टर घेऊन तिकडंच निघालाय. त्याच्यासंगं सायकल पाठवतोय, ही चिठ्ठी कॅरिअरला बांधून. सोमवारपासून कॉलेजला जायचं, आबांना मी फोन करतो. नवी का न्हाय घेतली, हे तू विचारशीलच. नवी असती तर आबांनी दुकानात परत धाडली असती, न्हायतर एखाद्या सकाळी मीच घेऊन कुठंतरी निघालो असतो. मला मी ठाऊक आहे. ही आता कुणी परत घेत न्हाय, आणि मला ती बसत न्हाय.

तुझाच, आता पायी फिरणारा दादा,
संघपाल