वीस प्रश्न, वीस थापा

तीर्थरूप आत्यास,

तीन महिने अबोला धरून बसलेल्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कॉलेजचे तीन जिने अजून दिवसातून चारदा चढतेस का? (मी ते शेवटचे उतरलो, त्यानंतर माझे गुडघे उत्तम आहेत.) बाबा म्हणतात, आधी आत्याची माफी माग. ती मी मागणार नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. पत्र दुसऱ्याच कामाचं आहे.

तरी एकदा लिहूनच टाकतो. दुसऱ्या वर्षाच्या भर वर्गात 'समाजीकरण म्हणजे काय' हे समजावताना तुला जगात दुसरं उदाहरण मिळालं नाही? "माझा भाचा लहानपणी पडला की आधी कोणी बघतंय का ते बघायचा, आणि बघत असेल तरच भोकाड पसरायचा." माणूस स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांतून बघायला शिकतो, हा सिद्धान्त मला मान्य आहे. पण तो भाचा तिसऱ्या बाकावर बसला होता ना! नव्वद जण हसले. माझं डोकं सटकलं, आणि फाटकापर्यंत पोचेतो मी कॉलेज सोडलेलं होतं. (छत्री वर्गातच राहिली. ती घ्यायला परत येणं मानी माणसाला शोभलं नसतं.)

सध्या मी फर्निचरच्या कारखान्यात आहे, हे बाबांनी तुला सांगितलं असणारच. मिस्त्री, पॉलिशवाला, दोन सुतार आणि मी. माझं काम पॉलिशपेपरने खुर्च्यांचे पाय घासणं. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर तू तुझी पहिल्या वर्षाची पोरं गावभर सोडलीस: कामाच्या जागी आठ दिवस बसा, आणि पाटीवरचा मालक सोडून तिथे खरं कोणाचं चालतं ते शोधा. आमच्या वाट्याला जी मुलगी आली, तिच्या हातातली वही कधी मिटायचीच नाही, म्हणून ती वहीवाली.

आत्या, ती एका उलट्या ड्रॉवरवर बसली आणि माझ्या डोळ्यांत बघून तिने विचारलं, "मनातलं बोलावंसं तुम्हाला कोणाजवळ वाटतं?" असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही. त्या दिवशी मी एकच पाय चार तास घासला. शेवटी तो खुर्चीला नाही, लाटणं म्हणून शोभला असता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "अरे, मलाही हेच विचारलं तिने. प्रश्न नववा. मी बायकोचं नाव सांगितलं, तू कोणाचं सांगितलंस?"

पण प्रेमात पडलेल्याला प्रश्नावली कुठली दिसते! तिने विचारलं, अडलं तर इथे विचारतात कोणाला? म्हटलं, मला. भांडणं कोण मिटवतं? मी. (लावतं कोण, हे तिच्या यादीत नव्हतं.) वर ऐटीत म्हणालो, माझ्याशिवाय इथे खुर्चीचा पायसुद्धा हलत नाही. (एवढं मात्र खरं आहे. मी घासलेला प्रत्येक पाय हलतो.) ती भराभर लिहीत गेली, आणि ती लिहितेय म्हणून मी भराभर बोलत गेलो.

शेवटच्या दिवशी तिने निष्कर्ष वाचून दाखवला: 'या कारखान्यात अनौपचारिक नेतृत्व सर्वांत तरुण कामगाराकडे आहे.' पॉलिशवाल्याने तोंडात फडकं कोंबलं. मी भुशाच्या ढिगाकडे बघत होतो, त्यात मावेन का म्हणून. मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला, आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय, बाई. याला विचारल्याशिवाय आम्ही चहासुद्धा घेत नाही." मग दुपारभर सगळे मला साहेब म्हणत होते. ती गेल्यावर मात्र मिस्त्री हळूच म्हणाले, "पोरीने आठ दिवस भुसा खाल्ला रे. तिचं हसं कसं करायचं? आता तूच निस्तर."

तर आत्या, तिची वही सोमवारी तुझ्या टेबलावर येईल. साहेब कोण, हे तुला पहिल्याच पानावर कळेल, आणि तू तिला नापास करशील. तिला हाच विषय पुढे शिकायचाय. इतकी माणसं एका छपराखाली दिवसभर राहतात आणि एकमेकांची डोकी फोडत नाहीत, याचं तिला खरोखर नवल वाटतं. तिची चूक एवढीच, की तिने माझ्यावर विश्वास ठेवला. खोटं मी बोललो. हे लिहिताना माझे कान तापलेत, पण लिहिलंय.

गुडघ्याला शेक घेत जा. जिने चढताना कठडा धर, घाई करू नकोस.

तुझा,
(अजूनही रागावलेला) भाचा

ता. क. तिला नापास करू नकोस, पण लगेच पासही करू नकोस. पुन्हा इथेच पाठव. या खेपेला मिस्त्रींना शेजारी बसवून खरं सांगेन. मात्र वीस प्रश्नांत माणूस कळत नाही, हे तू तिला शास्त्राच्या आधारे समजावून सांग. किमान साठ हवेत.

आणखी ता. क. विसावा प्रश्न असा होता: 'तुमच्या विचारांवर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा?' मी मान ताठ करून सांगितलं, कोणाचाही नाही. तेवढं उत्तर तूच दुरुस्त कर. तांबडी रेघ मारू नकोस, अक्षर तिचं आहे. बाजूला पेन्सिलीने बारीक लिही: आत्याचा.