वांझ रोगाचा प्लॉट

२० जुलै
सकाळभर शेडनेटमध्ये. तुरीची रोपं दोन पानांवर आलीत. रोगट झाडाचं पान दुमडून रोपाच्या पानावर ठेवायचं, स्टेपलर मारायचा. त्यातले कोळी इकडं येतात. कोळी म्हणजे जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना न दिसणारा. एम.एस्सी.चा सगळा प्रबंध याच्यावरच. वनस्पती रोगशास्त्र घेतलं तेव्हा वाटलं नव्हतं, चांगल्या रोपांना आजारी पाडण्यापासून सुरुवात करावी लागेल.

३ ऑगस्ट, चुडावा
घरी आले तर आक्का आलेली. माय म्हणाली, "आली चार दिस ऱ्हायला." पण बॅगेत स्वेटरसुद्धा आहे. आत्ता, श्रावणात.
दुपारी तांदूळ निवडताना आक्का एवढंच बोलली, "सासू म्हणली, दुसरी बघायलोत आमी. तू माह्यरीच ऱ्हा."
"आन् दाजी?"
"डूटीवर होते."
दाजी रेल्वेत आहेत, पूर्ण्याला. घर क्वार्टरमध्ये, स्टेशनच्या मागं. डूटी संपल्यावर तरी...
पुढं विचारलं नाही.

२१ सप्टेंबर
प्लॉटवर लावलेल्या रोपांत लक्षणं दिसायला लागली. पानं बारीक, फिकट, हिरव्या-पिवळ्या नक्षीची. सर खूश. "लागण छान झाली," म्हणाले. मीही खूश झाले, मग कसंतरीच वाटलं.

९ नोव्हेंबर
आक्काला डॉक्टरबाईंना दाखवायला परभणीला आणलं. दवाखाना दुपारून, म्हणून सकाळी प्लॉटवर नेलं. नको होतं न्यायला.
चांगल्या ओळी पिवळ्या फुलांनी भरल्यात. रोगट ओळी झुडपासारख्या दाट. पाला भरपूर, कळी एक नाही. आक्का नेमकी त्यांच्यापाशी थांबली. पाटी वाचली, मोठ्यानं. तूर, वांझ रोग. पाटी मीच रंगवलेली.
"ह्याला काय झालंय?"
सांगितलं. कोळी, त्याच्यासोबत येणारा विषाणू. तो फूल धरू देत नाही.
"मंजी बाहेरून आलंय."
"हो."
"आन् नाव झाडाला."
ऑटोत पदर तोंडावर धरून बसली. धूळ लय हाय म्हणाली.
डॉक्टरबाईंनी सगळं तपासलं. मागचे रिपोर्टही बघितले. "तुझ्यात काहीच दोष नाही. नवऱ्याला घेऊन ये." आक्कानं विचारलं, "परत सांगता का, बाई?" त्यांनी परत सांगितलं.
लग्नाला सहा वर्षं झाली. हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

१७ नोव्हेंबर
सेमिनार झाला. आधी सरांना विचारलं होतं, 'वांझ' गाळून नुसतं मोझॅक, म्हणजे नक्षीरोग, म्हणू का? सर म्हणाले, "इंग्रजी नावातही तेच आहे. आणि शेतकरी याच नावानं ओळखतो. गाळलंस तर कुणाला कळेल?" खरं आहे त्यांचं.
दरवेळी त्या शब्दापाशी अडखळले. शेवटी मागच्या बाकावरून एकानं विचारलं, उपाय काय? पाठ होतं ते सांगितलं. रोगट झाड दिसताच उपटून टाकणे. टाळ्या.
मेसला गेले नाही.

२३ नोव्हेंबर
आण्णा लेकीसाठी पूर्ण्याला जाऊन आले. फोनवर सांगितलं. आक्काची सासू म्हणाली, "आमच्या पोरात खोट न्हाई, तपासायचं कशाला?" दाजी खाली मान घालून बसलेले. आण्णा निघाले तेव्हा ऑटोपर्यंत सोडायला आले. तिथं हळूच म्हणाले, "मी येतो तपासायला. आईला कळू देऊ नका."
आण्णा म्हणतात, पोरगं वाईट न्हाई.
राग आला. वाईट नाही, मग इतके दिवस एक फोन...

९ डिसेंबर
दाजींची तपासणी गेल्या आठवड्यात झाली. आज डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. आक्कानं मलाही आत घेतलं होतं. दोष दाजींच्यात आहे. औषधं सुरू करू, गुण येईलही, नाहीही.
दाजी बाहेर लिंबाखाली जाऊन रडले. आक्का जवळ उभी राहिली, पण हात लावला नाही. तोंड पुसून म्हणाले, "तू चल घरी. दुसरीचं मी मोडतो. फकस्त हे दोघांतच ऱ्हाऊ दे. आईला नगं सांगू."
"मंग लोकं मला जे म्हनतेत ते?"
दाजींनी रुमाल खिशात घातला.
"तसंच चालू द्यायचं?"
मी बोलणार होते, आक्कानं माझं मनगट दाबलं. तुझं काम नाही, असं. तिच्या जागी मी असते तर? माहीत नाही. दाजींकडं बघून कीव आली, हेही खरं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
स्टेशनवर सोडून आले. आक्कानं आपलं तिकीट आपण काढलं, चुडाव्याचं. दाजींचं पूर्ण्याचं. बसले मात्र एकाच डब्यात, समोरासमोर. पूर्णा आधी येतं, चुडावा त्याच्या पुढं.
खिडकीपाशी जाऊन विचारलं, "आक्का, कुठं उतरणार तू?"
"पूर्णा तर येऊ दे," म्हणाली.
हॉस्टेलवर पोचते न पोचते तोच मायचा फोन. निघाली का आक्का? तिच्या भाकरी टाकू का?
घड्याळ बघितलं. पूर्णा अजून आलं नसणार.
काय सांगू तिला.